‘बॅटमन : युरोपा’ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे नक्की काय प्रकरण आहे?

डीसी कॉमिक्सची चार अंकांची छोटी मालिका. पहिला अंक २०१५ च्या अखेरीस आला, शेवटचा २०१६ च्या सुरुवातीला. पुढे चारही अंक एकत्र, जाड पुठ्ठ्याच्या बांधणीत निघाले. बर्लिन, प्राग, पॅरिस आणि रोम, असा एका अंकाला एक शहर हा हिशोब. लेखन ब्रायन अझरेलो आणि इटलीचा मात्तेओ कासाली या दोघांचं. घोषणा झाल्यानंतर हे काम बरीच वर्षं रखडलं होतं. इतका काळ रखडलेल्या गोष्टीबद्दल लोकांच्या मनात जी काय जत्रा भरते, तिचा तोटा या मालिकेला नक्की झाला.

गोष्ट काय आहे? शेवट फोडू नका.

नाही फोडत. बॅटमनच्या अंगात एक विषाणू शिरलाय, त्याचं नाव कोलोसस. हातात साधारण आठवडा आहे. शोध घेत तो बर्लिनला पोचतो तर जोकरलाही तोच आजार झालेला. दोघांनाही मारायला निघालेला तिसराच कुणीतरी आहे. मग जन्माचे वैरी एकमेकांना धरून एका शहरातून दुसऱ्या शहरात माग काढत जातात. निना नावाची एक तरुणी त्यांना वाट दाखवते. तो तिसरा कोण हे कळतं तेव्हा बॅटमनचे जुने वाचक ‘अच्छा, हा होय’ म्हणतील आणि नवे वाचक ‘हा कोण?’ म्हणतील. यापुढे मी काही बोलत नाही.

बॅटमनचं आधी काही वाचलेलं असावं लागतं का?

नाही. आईवडिलांचा खून, गुहा, जोकर एवढं माहीत असलं की पुरे. आणि ते घरातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

चार अंकांना चार चित्रकार! खिचडी झाली नाही का?

झाली, पण वेगवेगळ्या चवींची. मालिकेतली सगळ्यात धाडसी आणि सगळ्यात अडचणीची गोष्ट हीच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

बर्लिनचा अंक जिम लीचा. ‘हश’ या बॅटमनच्या गाजलेल्या कथेपासूनचे त्याचे चाहते ज्यासाठी पैसे मोजतात ते सगळं इथे आहे. जबड्यावर, केपवर, विटांवर बारीक रेघांची जाळी, प्रत्येक स्नायू मोजून घ्यावा असा. त्याच्या पानांची आखणी जुझेप्पे कामुन्कोली या इटालियन चित्रकाराने केली. प्रागचा अंक कामुन्कोलीने स्वतः काढलाय. तिथे रेघ मोकळी होते आणि चेहऱ्यांना जास्त काम मिळतं. पॅरिसचा अंक स्पेनच्या दिएगो लातोर्रेकडे गेला. तो रेघेपेक्षा रंगाचे थर, डाग आणि धूसरपणा यांवर विसंबून चित्र उभं करतो. रोम फ्रान्सच्या जेराल्ड पारेलचं. मऊ रंगकाम, प्रकाश आतून झिरपल्यासारखा.

कागदावर ही कल्पना झकास आहे. शहर बदललं की हात बदलला, आणि आजार वाढत जाईल तसं चित्रही विरघळत जातं. पहिल्या अंकात काचेसारखं स्वच्छ दिसणारं जग तिसऱ्या अंकापर्यंत तापात पाहिल्यासारखं होतं. हे मला मनापासून आवडलं. अडचण अशी की मारामारीच्या पानावर कोण कुणाला कुठून मारतंय हे तरी कळायला हवं ना! लातोर्रेच्या काही पानांवर मी तेच शोधत बसलो. एखादी चौकट भिंतीवर फ्रेम करून लावावी अशी, आणि तिच्याच शेजारच्या चौकटीत तो हात आहे की केप, काही पत्ता लागत नाही. कॉमिकमध्ये डोळा चौकटीतून चौकटीत घरंगळत गेला पाहिजे. तो अडला की चित्र कितीही सुंदर असो, गोष्ट तिथेच बसते.

तर धाडसाला पूर्ण गुण, अंमलबजावणीला अर्धे.

शहरं खरी वाटतात की पिक्चर पोस्टकार्ड?

अशा कॉमिकला विचारायचा खरा प्रश्न हाच. माझी कसोटी साधी आहे. प्रसंग उचलून दुसऱ्या शहरात ठेवा. तरीही तो जसाच्या तसा चालत असेल तर शहर नुसतं पडद्यावर रंगवलेलं आहे.

बॅटमनच्या बाबतीत ही कसोटी उंचीपासून सुरू होते. बॅटमनचं शहर गॉथम म्हणजे रात्रीचं न्यूयॉर्क. न्यूयॉर्कमध्ये १९१६ साली बांधकामाचा नियम आला की रस्त्यावर उजेड पोचावा म्हणून इमारत वर जाताना आत आत घ्यायची. त्यातून पायऱ्यापायऱ्यांचे टॉवर उभे राहिले. प्रत्येक पायरी म्हणजे बॅटमनला उभं राहायला एक कठडा. हुक फेकायचा, झोका घ्यायचा, पुढच्या कठड्यावर उतरायचं. त्याच्या हालचालीचं सगळं व्याकरण त्या इमारतींतून आलंय.

आता हाच माणूस बर्लिनला आणा. तिथल्या जुन्या वस्त्यांत इमारतीची उंची छपराच्या कडेपर्यंत २२ मीटर, असा जुना दंडक. पॅरिसमध्ये १९७३ साली २१० मीटरचा मोंपार्नास टॉवर उभा राहिला. लोक इतके वैतागले की शहराच्या मध्यभागी उंच इमारतींवर बंदीच आली. रोममध्ये जुन्या शहरावर आजही सेंट पीटरचा १३६ मीटरचा घुमट राज्य करतो. (तो घुमट व्हॅटिकनमध्ये, म्हणजे बॅटमनने तिकडे झोका घेतला तर कागदोपत्री तो दुसऱ्या देशात उतरणार.) बावीस मीटरच्या शहरात गॉथमचा झोका घेतला तर माणूस थेट ट्रामच्या तारांत. इथे धावावं लागतं, चढावं लागतं, अंगणांतून आणि बोळांतून जावं लागतं. पॅरिसची जस्ताच्या पत्र्याची छपरं एकमेकांना लागून मैलभर पसरलेली असतात. तिथे आडवं पळणं हेच खरं. अंगात ताप असलेल्या, थकलेल्या बॅटमनसाठी तर ही सोन्यासारखी संधी होती. त्याच्या हुकाला धरायला उंचीच उरली नाही, अशी कल्पना करा.

‘युरोपा’ या संधीला हात लावते, पण तिचा पुरता फायदा घेत नाही. शहर बदलतं, कामाची पद्धत बदलत नाही: पोचायचं, धागा पकडायचा, हाणामारी करायची, पुढचं गाव गाठायचं. बर्लिन त्यातल्या त्यात अंगासरसं बसतं. पॅरिसच्या जागी व्हिएन्ना असतं तर फार काही बिघडलं नसतं.

रंगांचं काय?

रंगकाम करणाऱ्यांसाठी बर्लिनमध्ये एक आयती गंमत आहे. २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकातून काढलेला बर्लिनचा रात्रीचा एक फोटो गाजला होता. भिंत पडून चोवीस वर्षं होत आली होती, तरी पूर्वेकडचे रस्ते पिवळसर नारिंगी आणि पश्चिमेकडचे पांढरट दिसत होते. दोन राजवटींनी लावलेले दिवे वेगळे. फक्त रात्रीच बाहेर पडणाऱ्या नायकाची गोष्ट बर्लिनमध्ये सांगताना रस्ता ओलांडला की उजेडाचा रंग बदलतो, एवढं दाखवलं असतं तरी मी उठून टाळ्या वाजवल्या असत्या. स्मारकांच्या पलीकडचं शहर माहीत असणं म्हणजे हे.

बॅटमन अमेरिकन. तो युरोपात उपरा वाटत नाही का?

उलट, युरोप हे त्याचं आजोळ आहे, आणि जोकरचं तर त्याहून जास्त.

जोकरच्या त्या ताणलेल्या हसण्याची पाळंमुळं बघा. फ्रेंच लेखक व्हिक्टर ह्यूगोने १८६९ मध्ये एक कादंबरी लिहिली. तिच्या नायकाच्या तोंडावर लहानपणीच कापून कायमचं हसू कोरलेलं असतं. तिच्यावरून १९२८ मध्ये हॉलिवूडमध्ये मूकपट निघाला. दिग्दर्शक पॉल लेनी जर्मन, आणि ते हसू चेहऱ्यावर वागवणारा कोनराड फाईट अस्सल बर्लिनकर. बारा वर्षांनी, १९४० मध्ये जोकर छापला गेला तेव्हा त्याच्या चेहऱ्यामागे फाईटचा फोटो होता. सुरुवातीचा बॅटमन घडवणारे बिल फिंगर, बॉब केन आणि जेरी रॉबिन्सन यांच्यात जोकरच्या श्रेयावरून पुढे वाद झाले, पण हा फोटो मात्र त्या सगळ्या हकिकतींत येतोच. तात्पर्य, जोकर बर्लिनमध्ये आणि पॅरिसमध्ये पाऊल टाकतो तेव्हा तो घरीच आलेला असतो.

प्रागचंही तसंच. राब्बी (म्हणजे ज्यू धर्मगुरू) लोव (मृत्यू १६०९) याने आपल्या वस्तीच्या रक्षणासाठी मातीचा गोलेम घडवला, ही तिथल्या ज्यू मोहल्ल्याची दंतकथा. निर्बल लोकांसाठी उभा केलेला, अफाट ताकदीचा आणि हाताबाहेर जाऊ शकणारा रक्षक. सुपरमॅन आणि बॅटमन घडवणारी पोरं न्यूयॉर्क आणि क्लीव्हलंडमधल्या ज्यू कुटुंबांतली, ज्यांची मुळं युरोपात होती. त्यांनी गोलेम समोर ठेवून नायक रचले असं कुणी छातीठोकपणे सांगू नये, पण नातं दिसतं हे खरं. प्रागच्या जुन्या ज्यू दफनभूमीत लोवच्या थडग्यावर लोक आजही खडे आणि चिठ्ठ्या ठेवतात. मरणाच्या दारातल्या बॅटमनला तिथे दोन मिनिटं उभं करायला काय हरकत होती?

आणि ते प्रागचं खगोलीय घड्याळ! १४१० सालचं. दर तासाला त्यावरचा सांगाडा दोरी ओढून घंटा वाजवतो. ज्या गोष्टीत नायकाचे तास मोजलेले आहेत, तिला याहून चांगली रंगभूमी कुठे मिळणार?

पॅरिसच्या नोत्र दाम चर्चच्या राक्षसांवर बॅटमन बसलेला दिसतो, ते तरी अस्सल मध्ययुगीन ना?

नाही, आणि म्हणूनच ते मजेशीर आहे. गार्गॉइल म्हणजे छपराचं पाणी भिंतीपासून लांब फेकणारं पन्हाळं. ते मध्ययुगातही होतं. पण सज्जावर गालाला हात लावून पॅरिसकडे बघत बसलेले ते प्रसिद्ध शिंगवाले प्राणी एकोणिसाव्या शतकातले. १८४० च्या दशकात जीर्णोद्धार सुरू झाला, तेव्हा व्हियोले ल द्यूक या वास्तुकाराने ते नव्याने योजून बसवले. आणि देवळाची दुर्दशा लोकांच्या डोळ्यांवर आणून देणारं पुस्तक कुणाचं? पुन्हा ह्यूगोचंच, १८३१ चं. म्हणजे बॅटमनची बसायची जागा आणि जोकरचं हसू या दोन्हींचा धागा एकाच माणसाकडे जातो. पॅरिसच्या अंकात मला नेमकं हे हवं होतं. धुकं हवं तेवढं घाला, पण पॅरिसला काहीतरी बोलू द्या.

बॅटमन आणि जोकर एका बाजूने लढतात, हे पटतं?

मला पटलं, आणि सगळ्यात जास्त मजाही तिथेच आली. अझरेलोला जोकर ठाऊक आहे. ली बर्मेहोच्या चित्रांसह २००८ मध्ये आलेलं त्याचं जोकरवरचं पुस्तक अंगावर येणारं आहे. इथला जोकर त्यापेक्षा हलका. बॅटमनजवळ गुहा नाही, घरचा नोकर आल्फ्रेड नाही, पोलीस अधिकारी गॉर्डन नाही, त्याला बोलावणारा गच्चीवरचा दिवा नाही. ओळखीचं म्हणावं असं परक्या मुलुखात एकच माणूस, आणि तो हा. जोकर मनापासून सहल करतोय आणि बॅटमन दात आवळून त्याला सहन करतोय. संवाद आखूड आहेत, टोचरे आहेत.

निनाच्या वाट्याला मात्र फार थोडं आलंय. दोन बड्या पात्रांच्या मध्ये ती वाटाड्याच राहते. बर्लिनची मुलगी म्हणून तिच्याकडे सांगण्यासारखं बरंच असणार, ते विचारायला कुणाला सवड नाही.

जर्मन, चेक, फ्रेंच, इटालियन लोक आपापसांत कुठली भाषा बोलतात?

अमेरिकन कॉमिकमधली जुनी सोय अशी, की परभाषेतलं बोलणं फुग्यात त्रिकोणी कंसांत इंग्रजीतच छापायचं. बॅटमनला ढीगभर भाषा येतात, हे वाचकाने गृहीत धरायचं. त्यामुळे परक्या शहरात रस्ता विचारतानाची जी फजिती असते ती त्याच्या वाट्याला कधी येतच नाही.

भाषेची खरी धमाल बघायची तर १९८९ पासूनची ‘जस्टिस लीग युरोप’ वाचा. सुपरहिरोंचं ठाणं पॅरिसमध्ये, आणि फ्रेंचच्या नावाने आनंदीआनंद. शेवटी बिचारे फ्रेंचच्या वर्गात जाऊन बसतात. तिथे बघतात तर त्यांच्याशी कायम पंगा घेणारी खलनायकांची टोळीही त्याच वर्गात!

युरोपात घडणारी दुसरी कुठली सुपरहिरो कॉमिक्स वाचावीत?

ब्रिटनपुरतं बोलायचं तर १९७६ पासूनचा ‘कॅप्टन ब्रिटन’ आणि पुढे ‘एक्सकॅलिबर’, हा सरळ रस्ता.

पण मला एकच सुचवायला सांगितलं तर मी नाइटरनरकडे बोट दाखवेन. २०१० च्या अखेरीस बॅटमनच्या वार्षिकांकांतून तो आला. ब्रूस वेन, म्हणजे मुखवट्यामागचा बॅटमन, जगभर आपले प्रतिनिधी नेमत असतो, त्यातला हा पॅरिसचा. नाव बिलाल असेला, अल्जीरियन वंशाचा मुस्लिम तरुण, राहणार क्लिशी-सू-बुआ. ही जागा उगाच निवडलेली नाही. ऑक्टोबर २००५ मध्ये याच उपनगरात पोलिसांना चुकवताना दोन मुलं विजेच्या उपकेंद्रात शिरली आणि शॉक लागून गेली. त्यावरून पेटलेल्या दंगली फ्रान्सभर पसरल्या. बिलालची हत्यारं म्हणजे त्याचे पाय, कारण तो पार्कुर करतो. भिंती, जिने, कठडे यांवरून पळण्याची ही कला पॅरिसच्या उपनगरांतच वाढली. आता त्याला उचलून रोममध्ये ठेवून बघा. जमणारच नाही. आयफेल टॉवर न दाखवता पॅरिस कसं दाखवायचं, याचा हा धडा आहे. अमेरिकेतल्या काही उजव्या ब्लॉगवाल्यांनी ‘पॅरिसचा बॅटमन मुस्लिम कसा?’ म्हणून आरडाओरडा केला. त्यांनी पॅरिसची लोकल पकडून दोन-चार स्टेशनं बाहेर जायला हरकत नव्हती.

‘बॅटमन : द वर्ल्ड’ (सप्टेंबर २०२१) हाही चांगला पर्याय. चौदा देशांतल्या लेखक-चित्रकारांनी आपापल्या मुलुखात बॅटमन आणला. फ्रान्स, स्पेन, इटली, जर्मनी, चेक, पोलंड सगळे आहेत. भारत नाही. दीडशे कोटींच्या देशातून एक चित्रकार मिळू नये, याचं आश्चर्य करत बसण्यापेक्षा मी ती तक्रार इथे नोंदवतो आणि पुढे जातो.

मी बर्लिनही पाहिलं नाही आणि प्रागही. मग शहर चुकलंय की बरोबर, हे कळणार कसं?

मुंबईवरून अंदाज घ्या. २००४ मध्ये ‘स्पायडर-मॅन : इंडिया’ आलं. खेड्यातून शिकायला मुंबईत आलेला पवित्र प्रभाकर, धोतरासारख्या पोशाखातला स्पायडर-मॅन. ते वाचताना मराठी वाचकाची नजर गेटवेवर थांबत नाही. ती जाते टॅक्सीचं स्टेअरिंग कुठल्या बाजूला आहे, चाळीच्या गॅलरीत काय वाळत घातलंय, दुकानाच्या पाटीवर काय लिहिलंय याकडे. बर्लिनचा वाचक बर्लिनकडे असाच बघत असणार. मोठ्या वास्तू सगळेच बरोबर काढतात, फोटो असतात. घाण होते ती कडेच्या चौकटींत, म्हणून परीक्षण करताना आधी कडा बघाव्यात. मागच्या भिंतीवर काय चिकटवलंय? नायक नसताना रस्त्यावर कोण आहे? छपरं किती उंच? दिवा कुठल्या रंगाचा? चौकट रिकामी वाटत असेल तर चित्रकार तिथे मनानेही गेलेला नाही.

मुलांना द्यावं का?

बारा-तेराच्या पुढे खुशाल. रक्त आहे, मरणाची छाया आहे, पण ओंगळपणा नाही. धाकट्यांना तिसरा अंक कळणार नाही. तो मोठ्यांनाही कळत नाही.

कुठल्या रूपात वाचावं?

पडद्यापेक्षा कागदावर. पारेलचा रोम मोबाइलवर नुसता पिवळट चिखल दिसतो. कागदावर त्याच पानातून संध्याकाळचं ऊन येतं. सुटे अंक शोधत फिरू नका, एकत्रित पुस्तक घ्या. चारही हातांमधला फरक सलग उलटतानाच जाणवतो.

शेवटी, विकत घ्यावं की कुणाकडून आणून वाचावं?

जिम लीचे भक्त असाल तर विकत घ्या, पहिला अंकच पैसे वसूल करतो. चित्रांचा नाद असेल तरीही घ्या, चार घराणी एका पुस्तकात क्वचित ऐकायला मिळतात. नुसत्या गोष्टीसाठी वाचणार असाल तर वाचनालयातून आणा, आणि त्याच फेरीत ‘बॅटमन : द वर्ल्ड’ मिळतंय का तेही बघा.